सातबारा कपाटातच राहू दे

पत्र: डॉक्टर ताई, मी ३४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी दिवस राहिले होते, पण तिसऱ्या महिन्यात बाळाचे ठोके थांबले आणि पिशवी साफ करावी लागली. रक्त जातच राहिलं म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा क्युरेटिंग केलं. तेव्हापासून पाळी जवळजवळ गेलीच. दोन-तीन डाग पडतात, ओटीपोटात मात्र चार दिवस कळा येतात. दुर्बिणीतून पाहिलं तर पिशवी आतून चिकटलेली. ती सोडवली, पण तीन महिन्यांत परत चिकटली. आयव्हीएफचे दोन गर्भ गोठवून ठेवले आहेत, पण अस्तर पाच मिलिमीटरच्या वर जात नाही. आता एका सेंटरमध्ये सांगितलं, की स्टेम सेल आणि जेलचा सांगाडा आत घालून नवं अस्तर तयार करता येतं. साडेतीन लाखांचं पॅकेज आहे. त्यासाठी हे उसाचं अर्धा एकर रान विकायला निघालेत. थोरली बहीण म्हणते, पुण्यात पिशवी बदलतात, माझी घे. ताई, मला मुलगी समजून खरं काय ते सांगा.

उत्तर:

मुलगी समज म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या सेंटरने सांगितलं त्यातलं शास्त्र खोटं नाही. अशा सांगाड्यावर मूळ पेशी (स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून दुसऱ्या पेशी घडू शकतात अशा) पेरून पिशवीत ठेवल्या गेल्या आहेत, आणि नंतर त्यांतल्या काही बायकांना मुलं झाली आहेत. तरीही साडेतीन लाख देऊ नकोस आणि रान विकू देऊ नकोस. शास्त्र खरं असताना मी नको का म्हणते, ते समजावायला मला जरा मुळापासून सुरुवात करावी लागेल.

तुमचा ऊस आहे, म्हणजे खोडवा तुला ठाऊक आहे. तोड झाली तरी जमिनीत बुडखे राहतात, त्यांना फुटवे येतात आणि नवी लागण न करता दुसरं पीक उभं राहतं. पिशवीचं अस्तर तसंच आहे. त्याचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला पाळीत गळून जातो. खालचा स्नायूला चिकटून असतो, तो जात नाही, आणि त्याच्यातून काही दिवसांत वरचा थर पुन्हा फुटतो. बाईच्या आयुष्यात हे चारशेच्या आसपास वेळा होतं, एकही व्रण न राहता. शरीरात दुसरीकडे कुठे इतकी मोठी जखम इतक्यांदा होऊन अशी स्वच्छ भरून येत नाही. पण तोडीच्या कोयत्याऐवजी रानात नांगर घातला आणि बुडखेच उपटले, तर फुटवा येणार कुठून? खालचा थर खरवडला गेला की पुढची आणि मागची भिंत उघड्या जखमेसारख्या समोरासमोर राहतात आणि भरताना एकमेकींना चिकटतात. जर्मनीतल्या हाइनरिष फ्रिच यांनी १८९४ मध्ये असं उदाहरण नोंदवलं होतं. १९४८ मध्ये जोसेफ अॅशरमन यांनी अशा बऱ्याच बायकांचा अभ्यास मांडला, म्हणून या दुखण्याला त्यांचं नाव पडलं. तुझ्या फाइलवर ‘अॅशरमन’ लिहिलं असेल, ते हेच.

नुकतीच मोकळी झालेली पिशवी मऊ असते, तिचा खालचा थर सहज सोलला जातो. म्हणूनच पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा क्युरेटिंग झालं की धोका वाढतो. तुझ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रक्त थांबत नसलं की काहीतरी करावंच लागतं. मी शिकत होते तेव्हा आम्हाला सांगत, क्युरेट, म्हणजे खरवडायचं हत्यार, फिरवताना हाताला खरखर लागली की समजायचं पिशवी रिकामी झाली. मी वर्षानुवर्षं त्या खरखरीची वाट बघत खरवडत राहिले. ती खरखर म्हणजे आपण बुडख्यांपर्यंत पोचलो, हे मला फार उशिरा कळलं. त्यातल्या किती जणींची पाळी नंतर कमी झाली, ते मला कधीच कळणार नाही. त्या परत आल्या नाहीत, कारण पाळी कमी आली तर तक्रार कोण करतं? आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की धारदार क्युरेट नको, शोषून घेणारी पद्धत किंवा गोळ्या वापरा. तुझ्या शाळेतल्या, भावकीतल्या बायांना एवढं जरूर सांग. पिशवी साफ करायची वेळ आली, तर कुठल्या पद्धतीने करणार, हे विचारायचा त्यांना हक्क आहे.

आता त्या सांगाड्याकडे येते. बांधकामाला परांची बांधतात ना, तसंच हे. भिंत उभी राहीपर्यंत आधार द्यायचा, मग निघून जायचं. पिशवीतली परांची कुणी काढायला जात नाही, ती आपोआप विरघळेल अशाच पदार्थाची करतात. यातल्या काही गोष्टी तर आज रोजच्या वापरात आहेत, फक्त कुणी त्यांना एवढं भारी नाव देत नाही. चिकटलेली पिशवी सोडवल्यावर आत हायलुरोनिक आम्लाचं जेल घालतात. हा पदार्थ आपल्या सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो. ते जेल काही दिवस दोन्ही भिंतींना एकमेकींपासून दूर ठेवतं आणि मग शरीरात जिरून जातं. पुन्हा चिकटण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मूल होण्याचं प्रमाण किती वाढतं, हे मात्र तितकं पक्कं नाही.

दुसरा पदार्थ ऐकून तुला नवल वाटेल. आपल्याकडे बाळंतपणानंतर वार पुरतात. त्या वारेला लागून, बाळाला गुंडाळून असलेला जो पातळ, चमकदार पडदा असतो, तो भाजलेल्या कातडीवर आणि जखमी डोळ्यावर कितीतरी वर्षांपासून वापरला जातो. त्याला शरीर सहसा झिडकारत नाही, आणि त्याच्याखाली जखम कमी व्रण टाकून भरते. कैरोच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये, चिकटलेली पिशवी सोडवल्यावर हाच पडदा भिंती दूर ठेवणाऱ्या छोट्या फुग्यावर चढवून आत ठेवल्याचा अनुभव लिहिला. मी तो वाचला तेव्हा पुरून टाकलेल्या सगळ्या वारा मला आठवल्या.

आणि तिसरा प्रकार म्हणजे तुला ज्याचं पॅकेज सांगितलं तो. कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, बहुतेक वेळा जनावरांच्या शरीरातून काढून शुद्ध केलेलं. त्याचा स्पंजासारखा तुकडा करायचा, त्यात मूळ पेशी पेरायच्या आणि तो पिशवीत पसरायचा. चीनमध्ये नानजिंगच्या डॉक्टरांनी नाळेतून काढलेल्या पेशी वापरून हे केलं आणि २०१८ मध्ये निकाल प्रसिद्ध केले. २६ बायका होत्या, सगळ्या तुझ्यासारख्या, ज्यांची पिशवी सोडवूनही पुन्हा पुन्हा चिकटत होती. अडीच वर्षांत दहा जणींना दिवस राहिले आणि निकाल लिहीपर्यंत आठ जणी बाळंत झाल्या होत्या. स्पेनच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये वेगळा रस्ता दाखवला: सांगाडा नाही, बाईच्याच हाडाच्या मगजातून आलेल्या पेशी पिशवीच्या बारीक रक्तवाहिन्यांत सोडायच्या. त्या अभ्यासात १६ जणी होत्या. आपल्या देशातही अहमदाबादच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये एका बाईबद्दल लिहिलं, आणि दिल्लीच्या एम्सने २०१४ मध्ये सहा जणींबद्दल. त्या सहांपैकी पाच जणींची पाळी परत आली.

हे वाचून तुझ्या मनात आशा उभी राहिली असेल, माझ्याही राहते. पण हे आकडे पुन्हा वाच. २६, १६, सहा, एक. शिवाय नानजिंगच्या त्या २६ जणींची पिशवी आधी नीट सोडवली होती, मग सांगाडा ठेवला. नुसती सोडवली असती तर किती जणींना दिवस राहिले असते? ताडून बघायला बाजूला दुसरा गट नव्हता, म्हणून यश सांगाड्याचं, पेशींचं की सोडवणाऱ्या हाताचं, हे त्या अभ्यासावरून सांगता येत नाही. पेशी स्वतःच नवं अस्तर होतात असंही बहुधा नाही. त्या आसपासच्या पेशींना निरोप धाडतात, सूज उतरवतात, रक्तवाहिन्या बोलावून आणतात, असं आज जास्त मानलं जातं. म्हणजे बुडख्यांचे काही तुकडे शिल्लक असतील तर त्यांना पाणी घालायचं काम. एकही तुकडा उरला नसेल तर काय, हा प्रश्न अजून उघडा आहे.

म्हणून याला अजून उपचार म्हणत नाहीत, संशोधन म्हणतात. आणि संशोधनाचा आपल्या देशातला कायदा-नियम तुला माहीत असायला हवा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे, की मान्यताप्राप्त चाचणीच्या बाहेर रुग्णाला मूळ पेशी देणं अनैतिक आहे, ते गैरवर्तन समजलं जाईल. रक्ताच्या काही आजारांत मगज बदलतात, तेवढा अपवाद. चाचणी असेल तर तिची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंद लागते, २००९ पासून ती सक्तीची आहे आणि ती नोंद कुणालाही फुकट बघता येते. संमतीपत्र तुला समजेल त्या भाषेत, म्हणजे मराठीत, मिळायला हवं. त्यात सांगाडा कशाचा, पेशी कुणाच्या, इजा झाली तर भरपाई कोण देणार, हे सगळं असतं. आणि चाचणीत ज्याची परीक्षा चालू आहे त्या गोष्टीचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तुझ्याकडे साडेतीन लाख मागितले आहेत. एवढ्यावरूनच मी सावध होते.

त्या सेंटरमध्ये एकदा जा, नवऱ्यालाही घेऊन जा. चाचणीचा नोंदणी क्रमांक माग. क्रमांक दिला, नैतिक समितीचं पत्र दाखवलं आणि पैसे नकोत म्हणाले, तर मला कळव. मग तू भाग घ्यावास की नाही, यावर आपण पुन्हा बोलू, कारण खऱ्या चाचणीत जाण्यात काही वावगं नाही. बायांनी भाग घेतला म्हणूनच आज आपल्याला एवढं तरी माहीत आहे. आणखी एक विचार: पेशी काढणार कुठून? उत्तर “दंडातून थोडं रक्त घेऊ” असं आलं, तर ते स्टेम सेल नाहीत. ते पीआरपी, म्हणजे तुझ्याच रक्तातला प्लेटलेट जास्त असलेला भाग. पातळ अस्तरासाठी तो वापरतात, काहींना गुण येतो असं वाटतं, पुरावा कच्चा आहे. पण त्याची किंमत लाखांत नसते, आणि त्याला स्टेम सेल म्हणणं ही फसवणूक आहे.

मग तू करायचं काय?

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की पिशवी एकदाच सोडवली गेली, आणि मग तीन महिने कुणी आत पाहिल्याचा उल्लेख नाही. सोडवण्याइतकंच महत्त्व पुढच्या काही आठवड्यांना असतं. आत फुगा किंवा जेल ठेवायचं, अस्तर वाढावं म्हणून इस्ट्रोजेन द्यायचं, आणि काही आठवड्यांतच पुन्हा दुर्बीण घालून बघायचं. नव्याने चिकटलेलं कोवळं असतं, सहज सुटतं. तीन महिन्यांनी ते घट्ट होतं. काही जणींना असं दोन-तीन वेळा करावं लागतं. हे काम रोज आयव्हीएफ करणाऱ्या प्रत्येकाला येतंच असं नाही. चिकटलेल्या पिशव्या सोडवण्यात ज्यांचा हात बसला आहे, अशा डॉक्टरांकडे जा, मग ते पुण्यात असोत वा मुंबईत. “वर्षाला अशा किती केसेस करता?” हे निःसंकोच विचार. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. मागच्या दुर्बिणीची सीडी किंवा फोटो असतील तर बरोबर ने, नसतील तर त्या दवाखान्यातून मागून घे. नळ्यांची तोंडं दिसली होती का, किती भाग चिकटलेला होता, यावर पुढचं सगळं ठरतं.

दुसरं, टीबी. आपल्या देशात पिशवी चिकटण्याचं ते मोठं कारण आहे, आणि खोकला-ताप काही नसतानाही पिशवीला टीबी असू शकतो. दुर्बिणीच्या वेळी अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला होता का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. नसेल, तर पुढच्या वेळी ऊतक तपासणी आणि कल्चर दोन्हींसाठी पाठवायला सांग. नुसत्या एका पीसीआरच्या पॉझिटिव्ह कागदावर सहा महिन्यांची औषधं सुरू करू नकोस, त्या तपासणीने फसलेल्या बऱ्याच बाया मी पाहिल्या आहेत. टीबी खरोखर निघाला, तर औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि ती पूर्ण झाल्याशिवाय गर्भ आत सोडायचा नाही.

आता बहिणीचं. तिला माझा नमस्कार सांग. असं म्हणायला काळीज लागतं. तिचं म्हणणं खरंही आहे. दुसऱ्याची पिशवी बसवून जगातलं पहिलं मूल स्वीडनमध्ये गोथेनबर्गला २०१४ च्या सप्टेंबरमध्ये जन्मलं. पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने २०१७ च्या मे महिन्यात आपल्या देशातलं पहिलं असं रोपण केलं, आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यातच अशा पिशवीतून मूल जन्मलं. पण हे मुख्यतः ज्यांना पिशवीच नाही त्यांच्यासाठी आहे. बहिणीवर कित्येक तासांची शस्त्रक्रिया, तुझ्यावर दुसरी, मग परकी पिशवी शरीराने झिडकारू नये म्हणून रोज औषधं, बाळंतपण सिझेरियननेच, आणि मुलं झाल्यावर ती औषधं थांबवण्यासाठी पिशवी पुन्हा काढून टाकायची. तुझी स्वतःची पिशवी जागेवर आहे आणि तिला अजून एकदाही धड संधी मिळालेली नाही. बहिणीच्या पोटाला आज हात लावायचं कारण नाही.

पेशी आणि सांगाडा वापरून पिशवीचा अख्खा तुकडा घडवण्याचंही काम चालू आहे. अमेरिकेत वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी सशांवर ते केलं, २०२० मध्ये ते छापून आलं. आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांचा जो धागा असतो, त्याच जातीच्या पदार्थाचा सांगाडा, त्यावर त्याच सशिणीच्या पेशी, आणि पिशवीच्या कापलेल्या भागाजागी तो शिवला. अशा दहांपैकी चार सशिणींना त्या नव्या भागात दिवस राहिले आणि जिवंत पिल्लं झाली. नुसता सांगाडा लावलेल्यांना तसे राहिले नाहीत. मला हे वाचताना गहिवरून आलं होतं. मात्र सशिणीची पिशवी बोटाएवढी, तिचं गर्भारपण महिन्याभराचं. नऊ महिने तीन किलोचं बाळ तोलून धरणारी, मग कळा देऊन पुन्हा आकसणारी बाईची पिशवी हे फार निराळं काम आहे. तुझ्या गोठवलेल्या गर्भांसाठी ते वेळेत येईल असं मी सांगणार नाही.

हे सगळं मी एवढं लांबवून लिहिते आहे, त्याला आणखी एक कारण आहे. आपल्याच राज्यात, बीड जिल्ह्यात, २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, खाडा होतो, काढून टाका. पिशवी ही दुरुस्त करायची गोष्ट असते, हे त्या बायांना कुणी सांगितलंच नाही. तू दुरुस्ती मागते आहेस, याचा मला आनंद आहे. फक्त ती योग्य क्रमाने होऊ दे.

एक गोष्ट नवऱ्याच्या कानावर आधीच घाल. अशी सोडवलेली पिशवी गरोदर राहिली, तर वार भिंतीत घुसून चिकटण्याचा धोका असतो आणि बाळंतपणात खूप रक्त जाऊ शकतं. म्हणून नाव रक्तपेढी जवळ असलेल्या मोठ्या रुग्णालयातच घालायचं आणि वारेची जागा सोनोग्राफीत वेळोवेळी बघायची. आणि पिशवी शेवटपर्यंत साथ देत नाही असं ठरलं, तर तुझे गोठवलेले गर्भ वाया जात नाहीत. २०२१ च्या सरोगसी कायद्याने पैसे न घेता दुसऱ्या बाईने ते वाढवायची वाट ठेवली आहे, वैद्यकीय कारण सिद्ध करावं लागतं. वाढवणाऱ्या बाईचं वय मात्र पस्तिशीच्या आत लागतं, त्यामुळे थोरल्या बहिणीला ते करता येईलच असं नाही. पण ते पुढचं पुढे.

शेवटी तुझ्या पत्रातलं ते वाक्य, जे तू जाता जाता लिहिलंस: डाग दोन-तीनच, कळा मात्र चार दिवस. मी त्या वाक्याशी थांबले. पिशवीचं तोंड किंवा खालचा भाग चिकटला असेल आणि वर अस्तर जिवंत असेल, तर ते दर महिन्याला सुटतं आणि त्या रक्ताला बाहेर यायला वाट मिळत नाही. कळा त्याच्याही असू शकतात. तसं असेल तर वर बुडखे शिल्लक आहेत. कळांना दुसरी कारणं असतात, म्हणून मी अंदाजावर काही सांगत नाही. तुझी सोनोग्राफी आजवर बाराव्या-तेराव्या दिवशी झाली असणार, अस्तर मोजायला. या महिन्यात कळा सुरू झाल्या की त्याच दिवशी करून घे, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस, आणि करणाऱ्याला स्पष्ट सांग: पिशवीत वर रक्त साचलंय का बघा. रिपोर्ट मला पाठव.